दगड नव्हता

"मॅडम, दगड लिहूया ना?"

गॅरेजच्या काउंटरवरच्या मुलाने हे इतक्या सहज विचारलं की माझी मान होकारार्थी हललीसुद्धा होती. त्याच्या टॅबवर विम्याच्या दाव्याचा अर्ज उघडा होता आणि 'नुकसान कसे झाले' या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. "हायवेला पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, काचेला लागला. सगळे हेच लिहितात. सर्व्हेअर काही विचारत नाही, पटकन पास होतं." मागे एसी घरघरत होता, कॉफीच्या मशीनमधून कुणाचा तरी कप भरत होता आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत माझे वडील, अण्णा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. "दगड नव्हता," ते म्हणाले. मुलगा हसला. म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेलं एक हसू असतं, ते. "हो काका, पण लिहायला काय..." अण्णांनी त्याला पुरं करू दिलं नाही. "दगड नव्हता. वायपरचा दांडा पडला. माझ्या हातून."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी टॅबकडे.

गाडीची काच तडकली यात सांगण्यासारखं काही नाही. पुण्यात रोज कितीतरी तडकत असतील. मला त्या दिवसापासून छळत राहिला तो तो दगड, जो नव्हताच. किती सोयीचा होता! कुठल्याशा ट्रकखालून आला असता, काचेला लागून रस्त्यात पडला असता आणि जाताना सगळं बरोबर घेऊन गेला असता: अण्णांचा हात, पार्किंगमधली ती सकाळ, आईची बडबड, माझ्या नवऱ्याचा समजूतदारपणा. एक ओळ टाइप करायची, बस्स.

आमच्या घरी पावसाळ्याआधीच्या कामांना मुदत असते ती १ जूनची. वेधशाळा काय म्हणते, मृग कधी लागतो, याच्याशी तिचा संबंध नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली आणि अण्णांनी नोकरीची पस्तीस-छत्तीस वर्षं दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये काढली, म्हणून १ जून. त्या दिवशी ते अजूनही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात आणि स्टँडवर जाऊन ओळखीच्या-बिनओळखीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला पेढा देऊन येतात. त्याच्या आत छत्र्या दुरुस्त झाल्या पाहिजेत, गच्चीच्या भेगा बुजल्या पाहिजेत आणि आता त्यांची स्कूटर विकून झाल्यामुळे आमच्या गाडीचे वायपर बदलून झाले पाहिजेत. सुट्टीत आई-अण्णा कासारवाडीहून आमच्याकडे राहायला आले होते. आदल्या आठवड्यात वळवाची एक सर येऊन गेली होती आणि त्या दहा मिनिटांत आमच्या वायपरांनी जे काही केलं, ते मागच्या सीटवरून अण्णांना ऐकवेना. कर्रकर्र आवाज, काचेवर पाण्याचे पट्टे आणि नेमका डोळ्यांसमोरचा वीतभर भाग तसाच धूसर. "रबर लाकूड झालंय," ते म्हणाले. चांगलं रबर प्रत्येक फेरीला कूस बदलतं. जाताना एका अंगावर कलतं, येताना दुसऱ्या. उन्हाने कडक झालं की ते कलायचं थांबतं, आडवं घासायला लागतं, आणि मग ओरडतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण आमच्याकडे जेवताना या विषयांवर बोलणं व्हायचं.

वायपर बदलणं हे काम म्हणण्याच्याही लायकीचं नाही. दांडा काचेपासून उचलून उभा करायचा, ब्लेडच्या मधली खिट्टी दाबायची, ब्लेड जरा खाली सरकवून दांड्याच्या आकड्यातून सोडवायचं, नवं त्याच आकड्यात अडकवायचं, टक् वाजलं की झालं. पाना लागत नाही, पेचकस लागत नाही. ड्रायव्हरकडचं लांब, चोवीस इंची. शेजारचं आखूड, सोळा. एवढं पाहून घेतलं की चुकण्यासारखं काही उरत नाही. धोका असतो तो फक्त मधल्या त्या क्षणभरात, जुनं निघालेलं असतं आणि नवं बसायचं असतं तेव्हा. दांड्याच्या मुळाशी एक जोरदार स्प्रिंग असते. ब्लेड काचेवर दाबून धरणं हे तिचं काम. ती चोवीस तास दांड्याला काचेकडे खेचत असते आणि ब्लेड आहे तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मध्ये रबर असतं. ब्लेड काढलं की उरतो उघडा पोलादी आकडा. त्याला जरासा धक्का लागला, की तो थेट काचेवर.

म्हणून काचेवर जाड घडीचा टॉवेल टाकायचा आणि मगच ब्लेडला हात लावायचा. हे मला आणि माझ्या भावाला शिकवलं अण्णांनी. शिकवलं म्हणजे, टॉवेल न टाकता दांड्याला हात लावला म्हणून भावाच्या पाठीत धपाटा घातला होता. त्या सकाळीही टॉवेल होता. अण्णांच्या खांद्यावर होता. रोहिणीतलं ऊन, पार्किंगमध्ये वारा नाही, त्यांनी मध्येच त्याने मान पुसली आणि परत खांद्यावर टाकला. आणि नवं ब्लेड ज्या पाकिटात होतं ते हल्लीचं कडक पारदर्शक प्लॅस्टिक. हाताने फाटत नाही, दाताने फाटत नाही, कात्रीने कापावं तर धारदार कडा बोटात घुसतात. अण्णा त्या पाकिटाशी झटापट करायला वळले, कोपर दांड्याला लागलं. हे सगळं मला नंतर कळलं. मी चहा घेऊन खाली येत होते आणि जिन्यात मला कसलाच आवाज आला नाही.

मी पोचले तेव्हा ते काचेवर वाकून नख फिरवत होते. खालच्या बाजूला टिकलीएवढा पांढरा ठिपका आणि त्यातून वर चढलेली बोटभर रेघ. त्यांनी दार उघडून आतूनही नख फिरवलं. "बाहेर अडकतंय, आत अडकत नाही. बाहेरची गेली, आतली शाबूत आहे." समोरची काच ही दोन काचांची असते आणि मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्या थराला चिकटून राहते म्हणून फुटली तरी अंगावर येत नाही. नुसता टवका असता तर राळेसारखं काहीतरी भरून भागलं असतं. रेघ मात्र धावायला लागली की थांबत नाही. दुपारी गाडी उन्हात होती, संध्याकाळी आम्ही एसी लावून मुलाला क्लासला सोडून आलो, एवढ्यात ती आरशाच्या बुडापर्यंत पोचली. रात्री खिडकीतून पाहिलं, तर अण्णा पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून तिचं टोक शोधत होते.

कुणीही त्यांना काही बोललं नाही.

हे लिहिताना जाणवतं, गडबड तिथेच झाली. माझा नवरा स्वभावाने सालस. त्याने काच पाहिली, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं हो अण्णा, माझ्याकडूनही झालं असतं." हे खरं नव्हतं. त्याने आयुष्यात वायपर बदललेला नाही, त्यामुळे त्याच्याकडून हे होणं शक्यच नव्हतं. पुढे तो आणखी गोड आवाजात म्हणाला, "पुढच्या वेळी आपण गॅरेजलाच देऊन टाकू." त्या 'आपण'वर अण्णांनी मान वर करून पाहिलं. मुलगा म्हणाला, "इट्स ओके, आजोबा." शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ आले, त्यांनी आपण हेडलाइटचा बल्ब बदलताना काचेला बोटं लावली आणि तो महिनाभरात कसा गेला, ही गोष्ट अण्णांना दिलासा म्हणून ऐकवली. हॅलोजनच्या बल्बला उघड्या बोटांनी धरू नये, बोटांचं तेल लागून तेवढी जागा जास्त तापते, हे सतरा-अठरा वर्षांच्या आयटीआयच्या पोरांना शिकवलेल्या माणसाला! अण्णा "हो का," म्हणाले. इतका सभ्य 'हो का' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग आई खाली आली. आईने काच पाहिली, टॉवेल पाहिला, आणि अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मग तो टॉवेल खांद्यावर काय मिरवायला घेतला होता?" आणि तिथून तिने जे सुरू केलं, ते जेवणाची पानं वाढेपर्यंत थांबलं नाही. कासारवाडीच्या घराचा नळ, मिक्सरचं झाकण, १९९० च्या सुमारास कधीतरी फुटलेली कुणाच्या तरी पाहुण्यांची बरणी, सगळं निघालं. मी तिला गप्प करणार होते. पण अण्णांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून ऐकत होते आणि मला शपथेवर सांगता येईल की त्यांचे खांदे सैल झाले होते. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

अण्णा दापोडीत काचांवर होते. चेसिस यायची आणि त्यावर एसटीची बॉडी तिथे चढायची. सांगाडा, पत्रा, सीटा, रंग, आणि काचा. हॅरिस पुलाकडून बस दापोडीत शिरली की लहानपणी मला वाटायचं, रस्त्यावरच्या प्रत्येक लाल गाडीची समोरची काच माझ्या वडिलांनी बसवलेली आहे. ते घरी यायचे तेव्हा अंगाला रबराचा, साबणाच्या पाण्याचा आणि रॉकेलचा वास असायचा. हात धुवायला मोरीत लाकडाचा भुसा ठेवलेला असे. साबणाबरोबर भुसा चोळला की ग्रीस सुटतं. नुसत्या साबणाने ते फक्त पसरतं.

त्यांचं काम मी प्रत्यक्ष पाहिलं ते मात्र वर्कशॉपमध्ये नाही. आमच्या वाडीतल्या एका भाजीवाल्याच्या टेम्पोची समोरची काच बदलायची होती आणि रविवार होता. तेव्हाच्या काचा चिकटवलेल्या नसत. काचेभोवती जाड रबराची पट्टी असे, तिला दोन खाचा. एका खाचेत काच बसायची आणि दुसरी खाच गाडीच्या चौकटीच्या पत्र्यावर चढायची. ती चढवायची कशी, हे मला सुटलेलं पहिलं खरं कोडं. अण्णांनी सतरंजीवर काच ठेवली, तिला रबर चढवलं आणि बाहेरच्या रिकाम्या खाचेत सुतळीपेक्षा जाड, गुळगुळीत दोरी पूर्ण वेढा घेऊन बसवली. दोन्ही टोकं खालच्या बाजूला एकमेकांवरून नेऊन मोकळी सोडली. सगळ्याला साबणाचं पाणी लावलं. मग काच उचलून चौकटीवर टेकवली, दोरीची टोकं आत टेम्पोत सोडली आणि मला म्हणाले, "आत बस. मी सांगितलं की ओढ. झटका द्यायचा नाही. काचेच्या मधोमध ओढायची, कडेला नाही." मी आत, ते बाहेर, मध्ये काच. मी दोरी ओढायला लागले, तसा रबराचा ओठ फटक फटक करत पत्र्यावरून आत उलटायला लागला आणि जिथे दोरी सुटेल तिथे बाहेरून त्यांचा तळहात येऊन काच दाबत होता. माझ्या हाताच्या मागोमाग त्यांचा हात सगळ्या चौकटीभर फिरला. त्यांच्या तोंडाने ते काहीतरी सांगत होते, पण काचेमुळे मला काही ऐकू येत नव्हतं आणि गरजही नव्हती. शेवटचा कोपरा बसला तेव्हा आत एकदम सगळं शांत झालं, बाहेरची कोंबडी-कुत्री गप्प. मी तेव्हा तिसरीत-चौथीत असेन. त्यानंतर बरीच वर्षं मला कुणी विचारलं की मोठी झाल्यावर काय होणार, तर मी 'काचवाली' सांगायचे आणि लोकांना वाटायचं बांगड्यांचा धंदा.

वर्कशॉपच्या गोष्टी ते सांगायचे, त्यात एक काचेचीच होती. नवा लागलेला एक मुलगा बसवता बसवता काच हातातून सोडतो. तेव्हाच्या बऱ्याच काचा एकाच थराच्या, कडक केलेल्या. कोपऱ्याला टोक लागलं की क्षणात सगळी खडीसाखर. जमिनीभर दाणे. चार्जमन, म्हणजे शेडमधला वरचा माणूस, धावत येतो, शेडमधल्या सगळ्यांसमोर त्या मुलाचा उद्धार करतो, आईबाप काढत नाही पण बाकी काही ठेवत नाही. मुलगा रडवेला. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तोच चार्जमन स्टोअरमधून दुसरी काच आणून त्याच मुलाच्या हातात देतो. "बसव." एवढंच. गोष्ट इथे संपायची. लहानपणी मला ती अपुरी वाटायची, कारण ती दुसरी काच नीट बसली का, हे अण्णा कधीच सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "बसणारच ना. न बसायला काय झालं?" तो नवा मुलगा कोण, हे मी कधी विचारलं नाही आणि आता अंदाज आहे म्हणून विचारत नाही.

रस्त्यात समोरची काच गेलेल्या एसट्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. काच गेली म्हणून फेरी रद्द होत नसे. ड्रायव्हर कानाभोवती रुमाल बांधून, डोळ्यांना गॉगल लावून डेपोपर्यंत गाडी न्यायचा आणि पुढच्या सीटवरच्या प्रवाशांचे केस उभे राहायचे. वायपर बंद पडला, तर तंबाखू. हे मी वरंध घाटात पाहिलेलं आहे. मामाकडे महाडला निघालो होतो, पाऊस असा की दरी आणि रस्ता यात फरक कळेना, आणि वायपर अर्ध्यात थांबला. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, कंडक्टरने खिशातली पुडी काढली, दोघांनी बाहेर जाऊन ओली तंबाखू काचेवर चोळली. गाडी पुढे निघाली आणि काच खरंच दिसण्याइतकी स्वच्छ राहिली. पाणी थेंबाथेंबाने साचायचं थांबलं आणि त्याचा एकसंध पापुद्रा खाली वाहायला लागला. कुणी कापलेला बटाटा चोळतं, गुण तोच. माझ्या शेजारची एक आजी मात्र ती वाया गेलेली तंबाखू पाहून पूर्ण घाटभर हळहळत होती.

काच तडकली त्या रात्री मला झोप येईना, म्हणून मी मोबाइलवर वायपरचा इतिहास वाचत बसले. (लोक रात्री काय काय वाचतात; त्या मानाने हे निरुपद्रवी.) अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या, ट्राममध्ये बसल्या होत्या, आणि समोरच्या काचेवर बर्फ साचल्यामुळे चालक पुढची खिडकी उघडी ठेवून कुडकुडत ट्राम हाकत होता. त्यांनी आतून दांडी फिरवून बाहेरचं रबर फिरवता येईल असं साधन आखलं आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. विकायला गेल्या तर एका कॅनडियन कंपनीने कळवलं की याला बाजारात किंमत नाही. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मग गाड्यागाड्यांवर वायपर आले. त्याच १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत एक काचेचं भांडं उंचावरून पडलं आणि तडे जाऊनही सुटं झालं नाही, अशी गोष्ट सांगतात; भांड्यात आधी असलेलं रसायन वाळून आतून त्याचा पातळ थर धरला होता. त्यातून पुढे दोन काचांमध्ये थर घालायची कल्पना निघाली. म्हणजे जो दांडा आदळला आणि जी काच आदळूनही अंगावर आली नाही, दोघांचं जन्मसाल एकच. हे मी सकाळी अण्णांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "त्याचं भांडं कुणाच्या हातून पडलं?"

मला ते माहीत नव्हतं. पण डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स यांची गोष्ट मी त्यांना पूर्ण सांगितली. लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पापणी एकसारखी न हलता मध्ये थांबून थांबून लवते, तर वायपर का नाही, हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९६७ मध्ये त्यांना थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचं पेटंट मिळालं. पुढे तसेच वायपर मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांवर दिसायला लागले, तेव्हा त्यांनी १९७८ मध्ये फोर्डवर दावा लावला. तो १९९० मध्ये एक कोटी डॉलरच्या थोड्या वर रकमेला मिटला. मधल्या काळात संसार मोडला, तब्येत गेली. तडजोडीचे पैसे घ्या आणि मोकळे व्हा, असं लोक त्यांना सांगत राहिले आणि ते सांगत राहिले की प्रश्न पैशाचा नाही, हे मी केलंय एवढं मान्य करा. अण्णा चहाची बशी हातात धरून ऐकत होते. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "आणि बायकोचंही."

तर, काउंटरवर. अर्जात खरं लिहायचं असं ठरल्यावर मुलाने सुस्कारा सोडला आणि अण्णा जागेवरून उठून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. विम्याचं गणित आहे काय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मुलगा बिचारा सांगायला लागला आणि त्यालाही मजा यायला लागली असावी. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांना पन्नास टक्के घसारा, फायबरला तीस, काचेला शून्य. "काचेला शून्य?" अण्णांना हे फार आवडलं. सुरुवातीचे हजार रुपये आपले, कारण इंजिन पंधराशे सीसीच्या आत. बाकी कंपनी देणार. "आणि आपलं जाणार काय?" मुलगा गप्प. मी सांगितलं, नो क्लेम बोनस. एकही दावा न करता वर्षं गेली की प्रीमियममध्ये सूट मिळते, वीस टक्के, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. आणि एक दावा केला की परत शून्य. आम्ही पंचेचाळीसवर होतो, पुढच्या वेळी पन्नास होणार होते. बोनस वाचवणारं कलम असतं, ते आमच्या पॉलिसीत नव्हतं. अण्णांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हातातला पाकिटाचा कागद घेतला आणि पुढच्या पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडले. सूट लागायच्या आधीचा प्रीमियम आठ हजार धरला. पहिल्या वर्षी पन्नास टक्के जाणार, चार हजार. दुसऱ्या वर्षी वीस मिळणार पण पन्नास मिळाले असते, चोवीसशे. मग दोन हजार, मग बाराशे, मग चारशे. "दहा हजार. काच कितीला?" काच बसवून साडेसात हजार होती. हजार आपले, म्हणजे कंपनी देणार साडेसहा. "साडेसहा घ्यायला दहा द्यायचे?" प्रीमियम दरवर्षी कमी होत जातो, हिशेब इतका सरळ नसतो, असं मुलगा पुटपुटला, पण त्याच्याकडे दुसरा हिशेब नव्हता. दावा करायचा नाही, असं ठरलं. "निम्मे पैसे मी देणार," असं अण्णांनी जाहीर केलं. मी हो म्हटलं. नवऱ्याला हे आवडलं नाही, त्याचं-माझं त्यावर अजून मिटलेलं नाही.

मुलाने टॅबवरचा अर्ज बंद केला. दगडाचा रकाना गेला, त्याबरोबर अण्णांनी एवढी हुज्जत घालून मिळवलेली जागाही गेली. "मग आता ते कुठे लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"आता काही लिहायची गरज नाही काका. तुम्ही रोख देताय."

"जॉबकार्ड असेल ना? त्यात बिघाडाचं कारण लिहीत नाहीत?"

जॉबकार्ड होतं. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला जॉबकार्ड नाही असं सांगता येत नाही. मुलाने त्यात 'विंडशील्ड क्रॅक' असं इंग्रजीत टाइप केलेलं होतं. अण्णा म्हणाले, कशाने ते लिही. त्याने वाचत वाचत टाइप केलं: "वायपर आर्म फेल ऑन ग्लास, बाय ओनर."

"ओनर ही आहे," अण्णा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "बाय मेकॅनिक लिही."

त्याने लिहिलं. कशाला वाद घाला, असा चेहरा करून का होईना, लिहिलं.

काच काढताना आम्हाला काचेच्या भिंतीमागच्या खोलीत बसायला सांगितलं होतं, पण अण्णा पाच मिनिटांत आत बे-मध्ये होते आणि त्यांना आणायला म्हणून मीही गेले. आता काच रबरात नसते, काळ्या चिकट गोंदाने चौकटीला चिकटवलेली असते. ती काढायला गोंदाच्या थरातून बारीक पोलादी तार आत घालतात आणि एकजण बाहेरून, एकजण आतून, करवतीने ओढावं तशी ती सगळ्या कडेने ओढत नेतात. आत बसलेला मुलगा विशीतला होता. अण्णा बाहेरच्या मुलाच्या खांद्यावरून पाहत होते. "आम्ही काच घालायला दोरी वापरायचो," ते त्याला म्हणाले, "तुम्ही काढायला तार वापरता." मुलाला यात काय विशेष ते कळलं नाही. पण तार कोपऱ्यात अडली तेव्हा अण्णांचा तळहात आपोआप काचेवर गेला, नेमका आतल्या हाताच्या समोर, आणि मुलाने तो बाजूला केला नाही. काच निघाल्यावर गोंदाची जुनी कड पात्याने तासायला त्याने बराच वेळ घेतला आणि अण्णा त्याच्यावर खूश झाले. घाईघाईने तासली असती तर चौकटीचा रंग निघाला असता, पत्रा गंजला असता आणि पुढच्या पावसाळ्यात पायाशी पाणी आलं असतं. नव्या काचेला गोंद लावला, दोघांनी रबरी चोषकांनी उचलून ती बसवली, वरून टेप मारली. गोंद धरेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, एक खिडकी थोडी उघडी ठेवायची, दारं आपटायची नाहीत. नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने ओला गोंद सुटतो.

मग वायपर राहिले. ब्लेड आम्हीच आणलेली होती, ती अर्ध्या फाटक्या पाकिटातली. मुलाने एका हाताने दांडा उचलला, दुसऱ्या हाताने ब्लेड आकड्यात घालायला लागला. मध्ये काही नाही. उघडा आकडा, खाली नवी कोरी काच.

"काचेवर टॉवेल ठेव रे," अण्णा म्हणाले.

"काही होत नाही आजोबा. दिवसाला वीस गाड्या करतो."

मला वाटलं आता पस्तीस-छत्तीस वर्षं बाहेर येणार, दापोडी येणार, चार्जमन येणार. अण्णा म्हणाले, "मग एकविसाव्या गाडीला ठेव."

मुलगा हसला. मागच्या खिशातला फडका काढून त्याने काचेवर टाकला, म्हाताऱ्यावर उपकार म्हणून, आणि दोन्ही ब्लेड टक्-टक् बसवली. बिलात 'वायपर फिटिंग' म्हणून दीडशे रुपये लावले होते. अण्णा परत काउंटरवर गेले. ब्लेड आमची, फडका त्याचा, अक्कल माझी, दीडशे कशाचे? पन्नासवर तुटलं.